‘व्हय’ मिळाल्याशिवाय खोडायचं नाही

मंदा, तुझ्या खुर्चीवर सध्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. कुणी मुद्दाम ठेवलेले नाहीत. परीक्षा विभागात जागा उरली नव्हती, शिपाई दारात घुटमळत म्हणाला, "मॅडम, हितं ठेवू का?" आणि मी मान हलवली. नंतर त्या गठ्ठ्यांकडे बघत स्वतःला शिव्या घालत बसले, पण उठून ते हलवायचं त्राण नव्हतं. खरं सांगते, तू गेल्यावर मी रडले कमी आणि दमले जास्त. लोकांना वाटतं मी धीराची आहे. धीर कसला, अंगात जोरच नाही.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलंय. जन्म, शिक्षण, सेवाकाळ, प्रकाशित शोधनिबंध आणि एक फोटो. ते सगळं कार्यालयात आहे, त्यांनी तिथून घ्यावं. मी तुझ्याशीच बोलणार आहे. छापायचं तर छापा म्हणावं.

आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं ना गं. पंचवीसेक वर्षं एका खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर बसून भांडलो, आणि नेमकं जे संपवायला हवं होतं तेच टाकून तू निघून गेलीस.

तू विभागात आलीस तो दिवस मला अजून आठवतो. करंजाहून खाडीच्या तरीने रेवसला उतरलेली, पुढे विक्रम रिक्षात कोंबून आलेली, साडीचा काठ खाऱ्या पाण्याने भिजलेला. आत आल्या आल्या विचारलंस, "तत्त्वज्ञान हेच का? की हे पन गोडाऊन हाय?" खोलीत तेव्हाही गठ्ठेच होते. मी श्रीवर्धनची, सुपारीच्या वाडीत वाढलेली. आमच्याकडे घरातसुद्धा कुजबुजल्यासारखं बोलतात. आणि तू बोलायचीस ती एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाक मारावी तशी. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. उरणच्या मिठागरावर राबलेल्या माणसाची मुलगी न्यायदर्शनात पीएच.डी. करून आलीय, याचं सगळ्यांना केवढं कौतुक! मला मात्र पुढची वर्षं हा आवाज ऐकावा लागणार याचीच चिंता.

पहिल्या आठवड्यात तू डबा उघडलास. तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. मी खिडकी उघडली. तू निवांत जेवलीस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "थांब, तुझं काय म्हननं हाय ते मी सांगते. चुकलं तर सांग." आणि शाकाहाराची बाजू तू अशी काही मांडलीस की माझ्या आजोबांनाही जमली नसती. जिवाचं दुःख, सवयीने आंधळी झालेली माणसं, भूक भागवायला दुसरं असताना मारण्याचं कारण काय, सगळं आलं. मला वाटलं, आता ही बाई मासे सोडणार. शेवटी विचारलंस, "व्हय? हेच ना तुझं?" मी म्हणाले, "हो, हेच." "बरं," म्हणालीस, "आता माझं ऐक." आणि बोंबलाचा तुकडा तोंडात टाकून तू माझं सगळं म्हणणं एकेक करून सोलून काढलंस.

मी मासे खायला लागले नाही. पण खिडकी पुन्हा उघडली नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

आपल्या जुन्या शास्त्रकारांची हीच रीत. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं. ते त्याच्याहून चांगलं मांडायचं, मगच आपलं उत्तर. पुस्तकात हे सगळ्यांनीच वाचलेलं असतं, परीक्षेत त्यावर टीपही लिहिलेली असते. तू ते वर्गात आणलंस. शनिवारी तिसऱ्या वर्षाच्या तासाला नियम एकच: समोरच्याने ‘व्हय’ म्हटल्याशिवाय त्याचं खोडायचं नाही. पोरं त्याला ‘व्हय घेणं’ म्हणायला लागली. "तुला व्हय मिळाला का?" "न्हाय ओ मॅडम, हा देतच न्हाय!" काही बिलंदर मुद्दाम अडवून धरायचे, तास संपेपर्यंत ‘न्हाय, तसं न्हाय’ करत बसायचे. तू त्यांनाही थांबवलं नाहीस. म्हणायचीस, मीठ पडायला ऊन खावं लागतं, घाई करून पडत नाही.

ही पोरं तरी कोण? ज्यांना दुसरे विषय मिळाले नाहीत ती. प्रवेशाच्या खिडकीवरचा माणूस सांगायचा, भूगोल भरला, तत्त्वज्ञान घे, मार्क पडतात. मग जूनमध्ये वर्गात एखादी घाबरलेली मुलगी विचारायची, "मॅडम, यात काय असतं?" मी पाठ्यक्रम सांगायचे. तू म्हणायचीस, "यात भांडायला शिकवतात." मुलगी हसायची आणि टिकायची. रसिका अशीच टिकली. रेवसच्या बाजूच्या कोळीवाड्यातली, आई सुकी मासळी विकणारी, भूगोल भरला म्हणून आपल्याकडे आलेली. पुढे ती एम.ए. झाली, पात्रता परीक्षा पास झाली आणि आपल्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाहीत. सुट्टीत तर नाहीतच. कायमची जागा निघाली की तिलाच, असं आपण दोघी तिला सांगत आलो. आठ-नऊ वर्षं सांगत आलो.

या रीतीची किंमत तू मोजलीस, ते मी जवळून पाहिलं. एका चर्चासत्रात मोठ्या विद्यापीठाचे एक मोठे सर तासभर कुणाचं तरी खंडन करत होते. प्रश्नोत्तरांत तू उठलीस. "सर, ज्याचं तुम्ही खंडन केलं त्याचं म्हणणं काय होतं, ते कळलं असतं तर बरं झालं असतं." सर म्हणाले, वेळ कमी होता. तू म्हणालीस, "खंडनाला पुरला की." जेवणाच्या रांगेत आपल्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही. आणि तो तपासायला आलेला प्रबंध! विरोधकाच्या तोंडी भलतंच घालून उमेदवाराने त्याला पानापानांवर झोडपलं होतं. सगळे परीक्षक अशा वेळी ‘स्तुत्य प्रयत्न’ असा शेरा मारून मानधन घेतात. तू लिहिलंस, या प्रबंधातला विरोधक मला कुठेही आढळला नाही, त्याचा पत्ता कळवावा. त्यानंतर तुला कुणी परीक्षक म्हणून बोलावलं नाही, मार्गदर्शक म्हणून तुझी मान्यता टेबलाटेबलांवर फिरत राहिली. मी चिडले होते. म्हणाले, "दोन ओळी गोड लिहिल्या असत्यास तर तुझं काय बिघडलं असतं?" तू म्हणालीस, "त्या पोराचं बिघडलं असतं." मी म्हणाले, त्या पोराला नोकरी लागली असती. त्यावर तू गप्प बसलीस. तू गप्प बसायचीस तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटायचं नाही, हा तुझा आणखी एक त्रास.

आपलं खरं भांडण इथूनच सुरू झालं. मी म्हणायचे, ही रीत वर्गात ठीक आहे. बाहेर नाही.

तू तुझ्या गावच्या बैठकीचं उदाहरण द्यायचीस. कंटेनरचे ट्रेलर गावातून धडधडत जायचे, पोरं शाळेत जाताना बायांचा जीव टांगणीला. बाया म्हणत रस्ता बंद करा, आणि ट्रेलर तर निम्म्या घरांचेच, तुझ्या भावाचे धरून. मारामारीची वेळ आली तेव्हा तू मध्ये उभी राहिलीस आणि ट्रेलरवाल्यांना म्हणालीस, आधी बायांचं काय म्हणणं आहे ते सांगा. भाऊ भडकला. "तू आमची हायस की त्यांची?" पण सांगावं लागलं त्याला. मग बायांनी ट्रेलरवाल्यांचं सांगितलं. हप्ते, फेऱ्या, बंदरातली रांग. दुपार कलली तेव्हा ठरलं, शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी गाड्या गावाबाहेर थांबतील. अजून थांबतात. तुझ्या मयताला आम्ही आलो तेव्हाही फाट्यावर ओळीने उभ्या होत्या. मला वाटलं तुझ्यासाठी थांबल्यात, पण शाळा सुटायची वेळ होती.

"बघ," म्हणायचीस तू, "रीत चालते."

मी म्हणायचे, चालते, कारण त्या माणसांना एकमेकांचं तोंड रोज बघायचं होतं. ज्याच्या हातात सही आहे, त्याला तुझं तोंड बघायची गरज नाही. तू त्याची बाजू मांडशील, तो पूर्ण ऐकेल, कारण ती त्याचीच आहे. आणि तुझी सुरू झाली की त्याला दुसरी मीटिंग असेल.

आता तुझं म्हणणं मांडते. नीट मांडते, कारण आजवर मी ते नेहमी तुझं वाक्य तोडत, मध्येच ऐकलं. तुझं म्हणणं असं: समोरच्याची बाजू आधी मांडणं हा सभ्यपणा नाही आणि डावपेचही नाही. माणूस चुकीचा असला तरी तो तिथपर्यंत कुठल्या तरी वाटेने आलेला असतो, आणि ती वाट आपण चालून पाहिली नाही तर आपलं उत्तर त्याला लागतच नाही, नुसतं त्याच्या अंगावर पडतं. आणि आपण ती चालून पाहताना कधी कधी आपल्यालाच कळतं की आपण चुकलोय. ही भीती बाळगूनच बोलायला उभं राहायचं. ज्याला ती भीती नाही त्याने तत्त्वज्ञान शिकवू नये. आणि जी रीत फक्त काही पणाला लागलेलं नसतानाच चालते, ती रीत नाही, खेळ आहे. पोरांना खेळ शिकवून आपण पगार घ्यायचा का? असं तुझं म्हणणं.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात रेवसच्या धक्क्यावर तू माझं म्हणणं असंच मांडलंस. करंजाची तर सुटायला आली होती, लोक चढत होते, तू एक पाय फळीवर ठेवून बोलत होतीस. "ज्याच्या हातात सही हाय त्याच्यापुढं आधी त्याची बाजू मांडनं म्हंजे आपल्या हातानं आपला तास त्याला देनं. व्हय?" मी म्हणाले, "चढ आधी, पडशील. सोमवारी बोलू." सोमवारी तू नव्हतीस. व्हय गं बाई. तेच होतं माझं म्हणणं, शब्दन् शब्द. तेव्हाच सांगायला काय हरकत होती?

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी स्टाफमधली मंडळी बसायला आली. रसिका पहिल्या दिवसापासून रोज येत होती, आल्यागेल्याला पाणी देत होती. आपले उपप्राचार्य, माणूस वाईट नाही, उगाच शांतता सहन होत नाही त्यांना, हळूच मला म्हणाले, "आता मॅडमच्या जागेला मंजुरी मिळेल का?" रसिका त्यांच्यापुढे तांब्या घेऊन उभी होती. तिने पेला भरला, त्यांच्या हातात दिला आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले तर मोरीपाशी भिंतीला टेकून उभी. म्हणाली, "मॅडम, मला आधी हेच सुचलं व्हतं. परवा, बातमी कळली तवाच. मी कसली मानूस हाय?"

मी तिला जवळ घेतलं. काय सांगणार होते? आपल्या धंद्यात जागा निघायची तर कुणी तरी निवृत्त व्हावं लागतं नाहीतर मरावं लागतं, आणि तुझ्या विद्यार्थिनीने आठ-नऊ वर्षं या दोन्हींपैकी एकाची वाट बघितली, हे तिचं पाप आहे का? तुला हे ऐकून वाईट वाटलं नसतं. तू तिला म्हणाली असतीस, "बरं सुचलं तुला. मेल्यावर तरी माझा उपयोग होऊ दे." मला ते तुझ्यासारखं म्हणता आलं नाही.

मग कॉलेजची सभा झाली. विषय: पुढल्या वर्षापासून तत्त्वज्ञानाचा पदवीवर्ग बंद करावा, रिक्त झालेली जागा तशीच ठेवावी, आणि खोली लॉजिस्टिक्सच्या अभ्यासक्रमाला द्यावी. ठराव प्राचार्यांचा, आणि संस्थेचे चिटणीस खास आले होते. विभागाची बाजू मांडायला मी एकटी. रसिका बाहेर व्हरांड्यात. तासिकावाल्यांना सभेत बसता येत नाही.

मी तयारी करून गेले होते. काय बोलायचं ते पाठ होतं आणि सुरुवात आपल्याच बाजूने करायची, असं पक्कं ठरवलेलं. पण उभी राहिले आणि शेजारची जागा रिकामी दिसली. तू नेहमी तिथे बसायचीस आणि मी बोलायला लागले की टेबलाखालून पाय मारायचीस, ‘आधी त्यांचं सांग’ म्हणून. पाय बसला नाही. आणि माझं काय झालं कोण जाणे, मला वाटलं, आज तरी हिच्या रीतीने करावं. आयुष्यभर हिच्याशी वाद घातला, आज एक दिवस हिचं ऐकावं.

मी प्राचार्यांची बाजू मांडली. मंदा, सगळं आयुष्य गेलं पण इतकं चांगलं मी कधी बोलले नव्हते. म्हणाले, या मुलांच्या आजोबांची शेतं आणि मिठागरं बंदरात गेली. त्या बंदराच्या कचेऱ्यांत आज बाहेरची माणसं बसतात आणि आपली मुलं गेटवर उभी असतात. त्यांना कागद वाचता यावेत, संगणकावर माल कुठे आहे ते सांगता यावं, टेबलाच्या आत बसता यावं, एवढंच प्राचार्यांचं म्हणणं आहे. ज्या विषयाला मुलं दुसरं काही मिळालं नाही म्हणून येतात, त्या विषयासाठी ही मुलं अडवून धरायचा आपल्याला काय अधिकार? प्राचार्य टक लावून ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. मी विचारलं, "सर, हेच ना तुमचं म्हणणं?"

"अगदी हेच," प्राचार्य म्हणाले.

व्हय मिळाला. मी श्वास घेतला, म्हणाले, "परंतु..." आणि चिटणीस टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यांनी वाजवल्या. चिटणीस म्हणाले, "मॅडमनी स्वतःच इतक्या मोठ्या मनाने मांडलं, आता आपण काय बोलणार? ठराव एकमताने मंजूर. मला पेणला पोचायचंय." मी म्हणाले, "माझं अजून व्हायचंय." प्राचार्य प्रेमाने म्हणाले, "हो हो मॅडम, ते लेखी द्या ना." इतिहासाचे सर माझ्या खांद्यावर थोपटून गेले. दुसरा कुठलाही विभाग असता तर पहिल्या वाक्यापासून हमरीतुमरीवर आला असता आणि निदान विषय पुढे ढकलला गेला असता. आपण तत्त्वज्ञानवाले. आपला विभाग आपण स्वतः, मुद्देसूद, टाळ्यांच्या गजरात बंद केला.

त्या दिवशी मला तुझा इतका राग आला की काय सांगू. मेलेल्या माणसाचा राग येतो का? येतो. माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ते ऐकायला तू नव्हतीस. वाद जिंकण्यात एवढा थकवा असतो हे मला माहीत नव्हतं.

बाहेर रसिका उभी होती. टाळ्या तिला ऐकू गेल्या होत्या, चेहरा उजळलेला. मला तिथल्या तिथे बसावंसं वाटलं. मी तिला सगळं सांगितलं, जे बोलले तेसुद्धा. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर हाय की त्यांचं. माझा भाऊ बी हेच बोलतो. त्याला बंदरात घेतला न्हाय, कागद न्हाय म्हनून." मग म्हणाली, "आनि आपलं?"

"आपलं राहिलं," मी म्हणाले.

ती तासाला गेली. पुढे काही दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी लेखी द्यायला बसायचे आणि दोन ओळींवर डोकं टेकायचे. शेवटी तीच आली. "मॅडम, मला प्राचार्यांना भेटायचं हाय. तुम्ही नुसत्या बसा."

गेलो. प्राचार्यांनी मला खुर्ची दिली. ती उभीच होती. मी वाट बघत होते, आता ही म्हणेल, सर, तुमचं म्हणणं मला समजतं. तुझ्याच हातची ना ती. शनिवारच्या तासाला तिच्यासारखा व्हय कुणी घेतला नसेल.

ती म्हणाली, "सर, मी या कॉलेजात आठ-नऊ वर्षं शिकवते. माझ्या हळदीच्या दिवशी मी पेपर तपासत व्हते. मंदा मॅडम गेल्या त्या सकाळी मला फोन आला, आनि मी दोन तास घेऊन मग त्यांच्या घरी गेले, कारन तास बुडाला तर पैसे बुडतात. तुम्ही मला कधी सभेला बोलावलं न्हाय. माझा विषय बंद करायच्या सभेला पन न्हाय. लॉजिस्टिक्स चालू करा. त्या पोरांना साहेबाच्या तोंडावर ‘न्हाय’ कसं म्हनायचं ते मी शिकवते, त्यांना लागनार हाय ते. पन ही जागा मंदा मॅडमची न्हाय, की त्या गेल्या तशी ती पन गेली. ती विषयाची हाय. आनि विषय हितं उभा हाय."

मंदा, आवाज थेट तुझा. प्राचार्य म्हणाले, "बसा ना, बसा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला त्या खोलीत कुणी बसायला सांगितलं असेल. ती बसली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघत राहिले. मग म्हणाले, ठराव अजून संस्थेकडे गेलेला नाही. प्रवेश होईपर्यंत तो थांबवतो. पहिल्या वर्षाला पुरेशी मुलं आली तर वर्ग चालू राहील आणि जागेसाठीही लिहून बघू. नाही आली तर मग मला काही सांगू नका.

एवढंच झालं. फार काही नाही. जूनमध्ये मुलं येतील की नाही ठाऊक नाही, आणि आली तरी मंजुरीचे कागद या मजल्यावरून त्या मजल्यावर जाईपर्यंत मी निवृत्त झालेली असेन. रसिका सध्या रोज दुपारी आजूबाजूच्या ज्युनिअर कॉलेजांत जाऊन बारावीच्या पोरांना भेटते. विचारतात म्हणे, "मॅडम, यात काय असतं?" ती काय सांगते ते तुला सांगायला नको.

त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीतून निघालो ते स्टँडपर्यंत दोघी चालत आलो. तिची गाडी लागली होती. मला राहवलं नाही. म्हणाले, "काय गं, त्यांची बाजू आधी मांडायची नव्हती का? मंदाने एवढं शिकवलं तुला."

ती पायरीवर चढली, वळली आणि म्हणाली, "त्यांची मांडायला ते हायत की, मॅडम."

गाडी गेली तरी मी उभी होते. तुझ्या अख्ख्या रीतीला इतकं साधं उत्तर मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. पण घरी येईपर्यंत मनात दुसरंच काहीतरी घोळत राहिलं. प्राचार्यांची मांडायला प्राचार्य आहेत. रसिकाची मांडायला आता रसिका आहे. माझी मी कशीबशी मांडीन. तुझी मांडायला कुणी नाही. म्हणून वर ती मांडली आहे, मला पटत नसतानाही, तुझ्याहून चांगली जमते का बघत. एखादा शब्द चुकला असेल, तुझ्या तोंडी भलतंच आलं असेल. सांग ना, हेच होतं का तुझं म्हणणं?